शून्याच्या खाली

"बॅटरी दहा टक्के," वाइवा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण तोंडच उघडलेलं नाही. ती कौनसमधल्या लाइस्वेस रस्त्यावरच्या जुन्या दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या बाईच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, काउंटरमागे नुकत्याच तळलेल्या, डोनटसारख्या स्पुर्गा साखरेत घोळल्या जात होत्या, आणि तिचा आवाज डावीकडून, एका टेबलाखालून आला होता. घसा मात्र तिचाच हलला. गळ्यावरच्या जुन्या वणाखाली काहीतरी वर सरकलं आणि पुन्हा खाली बसलं, ओ द्यायच्या आधी सरकतं तसं. आवाज तिचा होता, पण आजचा नव्हता. आजचा तिचा आवाज म्हणजे फरशीवरून ओढलेली खुर्ची. थायरॉइडच्या ऑपरेशनात स्वरतंतू दुखावला त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. हा आवाज कोरा होता, काचेच्या पेल्यावर नखानं टिचकी मारल्यासारखा. असा आवाज आपल्याला होता हे तिला माहीत होतं, पण लहानपणी आपण झाडावर चढायचो हे एखाद्या लठ्ठ माणसाला माहीत असतं तसं. अंगात त्याची आठवण उरली नव्हती. घरातही त्याची काही खूण नव्हती. विद्यापीठाच्या गायकवृंदाची एक कॅसेट होती, पण तीत ती इतर पोरींच्या आवाजांत विरघळून गेलेली. आणि आता तोच आवाज एकटा, सुटा, भर दुपारी लोकांच्या पायांशी बसून बॅटरीबद्दल बोलत होता. वाइवानं हे वाक्य आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

टेबलाशी एक म्हातारा बसला होता. पांढरी काठी खुर्चीला टेकवलेली, बोटांना साखर, पायाशी कापडी पिशवी. तो वाकून पिशवीत हात घालत म्हणाला, "कळलं गं बाई, कळलं. घरी गेल्यावर लावतो." त्यानं काहीतरी दाबलं आणि आवाज बंद झाला. वाइवा रांगेतून बाहेर पडली. अनोळखी माणसाशी ती शक्यतो बोलत नसे. पहिल्या वाक्यालाच समोरचा किंचित मागे सरकतो हे तिला पाठ झालं होतं, म्हणून ऑफिसातही ती दोन टेबलांपलीकडच्या माणसाला निरोप टाइप करून पाठवायची. इथं टाइप करून भागणार नव्हतं.

"आत्ता बोलली ती कोण?" तिनं विचारलं.

"ही? ही आमची पोरगी."

"तुमची मुलगी?"

"छे हो. मशीनमधली. कौनसमधल्या आम्हा सगळ्या आंधळ्यांची म्हणा. जे लिहिलेलं असेल ते वाचते. पेपर, पत्रं, औषधाचे कागद. कोण कुठली, देव जाणे. तुम्ही बसा की. सावली पडलेली मला कळत नाही, पण श्वास पडतोय डोक्यावर."

ती बसली. त्याचं नाव झेनोनास. जन्मभर त्यानं अंधांच्या कारखान्यात विजेची बटणं जोडली होती. त्यानं ते आपण होऊनच सांगितलं, आणि मग स्पुर्गाचा राहिलेला तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "जाणार आता ती."

"म्हणजे?"

"जुन्या मशीनचे भाग मिळत नाहीत. अंधांच्या संस्थेनं सगळ्यांना नव्या पेट्या दिल्यात, तळहाताएवढ्या. त्यांत पोरगी बोलत नाही. म्हणजे तोंड उघडते, पण शब्दांऐवजी खडी पडते नुसती. आमच्या तिथला तांत्रिक माणूस महिनाभर डोकं आपटून थकला. म्हणाला, नवा आवाज घ्या, गोड आहे. ऐकला मी. दात उपटायच्या आधी 'काही दुखणार नाही' म्हणणारी बाई असते ना, तसा गोड."

वाइवाच्या जिभेवर वाक्य आलं होतं, तो आवाज माझा आहे. पण ते ह्या घशातून बाहेर काढायची तिला लाज वाटली. पुरावा काय देणार? एखाद्या जळक्या खांबानं सांगावं की मी लिंडनचं झाड होतो, तसं झालं असतं ते. ती एवढंच म्हणाली, "मी हेच काम करते. एका मशीनवरचे प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या मशीनवर चालते करायचे. मला बघू द्या."

"बघा," झेनोनास म्हणाला. "बघणाऱ्यांनी बघावं."

हे खरंच तिचं काम होतं, आणि ते बाहेर कुणाला सांगता येत नसे. तिच्या कंपनीत गोदामांसाठी प्रोग्रॅम लिहीत. लिहिणारे तरुण होते. त्यांनी लिहिलेलं सगळं एकत्र करून यंत्राला कळेल अशा रूपात आणायचं, ह्या मशीनसाठी एकदा, त्या मशीनसाठी दुसऱ्यांदा, आणि कुठं सांधा निखळला तर शोधून बसवायचा, हे वाइवाकडे. सकाळी कुणीतरी ओरडायचं, "बिल्ड तुटलं, वाइवाला सांगा," आणि संध्याकाळपर्यंत ते जोडलं गेलं की तिची कुणाला आठवण राहत नसे. तिला ते आवडायचं. त्यात बोलावं लागत नसे.

त्या दिवशी ती पायी घरी गेली. टेकडी चढताना तिला ती खोली आठवली. लिथुआनियाच्या स्वातंत्र्यानंतरचा तो दुसरा-तिसरा हिवाळा, रशियानं तेल तोडलेलं, रेडिएटर मेल्यासारखे गार. विद्यापीठातली सगळी मुलं कोट घालून वर्गात बसायची. ध्वनिशास्त्राच्या तळघरात प्राध्यापक लेओनार्दास यांनी भिंतींना रजया ठोकल्या होत्या, अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते, आणि गायकवृंदातून तिला निवडून आणली होती, कारण तिचा सूर ढळत नसे. ते तिला कागद द्यायचे. त्यावर शब्द नव्हते. अब, बा, अग, गा, उम, मू. प्रत्येक आवाजाला प्रत्येक आवाज जोडून, भाषेत जेवढ्या जोड्या होऊ शकतात तेवढ्या, एकाच सुरात, एकाच जोरानं. "भाव नको," लेओनार्दास काचेपलीकडून सांगायचे. "आनंद नको, कंटाळाही नको. तू विटा पाडतेयस. वीट कुठल्या भिंतीत जाणार हे विटेला ठाऊक असायचं कारण नाही." दिवसच्या दिवस ती विटा पाडत होती. तोंडातून वाफ निघायची आणि मायक्रोफोनवर बसू नये म्हणून मान तिरपी धरावी लागायची. मग परीक्षा आल्या, मग नोकरी, लग्न, लग्न मोडणं, ऑपरेशन. तो प्रयोग कुठल्यातरी कपाटात मेला असणार असं ती धरून चालली होती. किंवा तसंही नाही, त्याचा विचारच तिनं केला नव्हता. आणि इतकी वर्षं त्या विटांची घरं बांधली जात होती. ह्याच गावात. ती भाजी घ्यायला जायची त्या रस्त्यांवर, खिडक्यांच्या आत, ती बोलत होती. चढावर मध्येच ती थांबली. दम लागला होता, पण ते कारण नव्हतं.

लेओनार्दास आता खेड्यात राहत. वाइवानं फोन लावला तेव्हा मागे पाण्याच्या नळीचा आवाज येत होता.

"सर, मी वाइवा. तळघरातली. रजईच्या खोलीतली."

"आवाजाला काय झालं तुझ्या?"

"गेला, सर."

"गेला कसा? माझ्याकडे आहे," म्हातारा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. नळी बंद केल्याचं ऐकू आलं. "सांग. काय मोडलंय?"

"मोडलंय हे कसं कळलं?"

"पोरी, चालणाऱ्या गोष्टीबद्दल कुणी फोन करत नाही. मी तो प्रोग्रॅम अंधांच्या संस्थेला देऊन टाकला, त्यानंतर एक फोन नाही. तेव्हाच ओळखलं, चालतंय."

"मला सांगायचंत तरी."

"मला तरी कुणी सांगितलं? मला वाटलं दहा-वीस जण वापरत असतील. कोड पाठवतो. बघून हसू नकोस. तेव्हा आपल्याकडे एका जातीचं मशीन होतं. जगात दुसऱ्या जातीची असतात हे मला ऐकून ठाऊक होतं, पेंग्विन असतात तसं."

शनिवारी सकाळी ती बसली. डाव्या हाताला झेनोनासकडून आणलेला जुना लॅपटॉप, उजव्या हाताला संस्थेची नवी पेटी, समोर लेओनार्दास यांचा कोड. माणसानं लिहिलेला कोड यंत्राच्या आकड्यांत उतरवतो तो कंपायलर. वाइवाच्या लेखी तो एक म्हातारा, तऱ्हेवाईक, पण खोटं न बोलणारा दुभाषा होता. सुरुवातीला त्यानं सरळ नकार दिला. 'garsai', म्हणजे 'आवाज', नावाची फाइल सापडत नाही म्हणाला. फाइल समोर होती, फक्त तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. जुनी व्यवस्था लहानमोठ्या अक्षरांत भेद करत नसे, नवी करते. तिनं नावं सारखी केली. मग लिथुआनियन अक्षरांवरचे ठिपके आणि खालच्या शेपट्या बिघडल्या, कारण ती जुन्या पद्धतीनं साठवली होती आणि नव्या पेटीला त्यांच्या जागी कसलीतरी भलतीच चिन्हं दिसत होती. तीही तिनं एकेक उतरवून घेतली. ह्या कामात तिला शांत वाटायचं, मोजे रफू करताना वाटतं तसं. दुपारी जेवायच्या वेळेला शेवटची तक्रार गेली. बिल्ड झालं. चूक एकही नाही. तिनं 'नमस्कार' टाइप केलं आणि पेटीतून खडी पडली.

तिला वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं. नुसता गोंगाट असता तर चाललं असतं. पण गोंगाटाला लय होती. न-म-स्का-र, इतक्या लांबीचा, इतका थांबणारा. दगडाच्या खाणीत कुणीतरी गाडलं गेलंय आणि खालून बोलतंय, आणि ते कुणीतरी आपण आहोत. तिनं हात गळ्याशी नेला. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा बोलायला गेली तेव्हा असंच झालं होतं. शब्द आत पूर्ण होता, जिभेपर्यंत पूर्ण होता, आणि बाहेर आली ती खडी. नर्स म्हणाली होती, आज बोलू नका. त्या आजचा शेवट झालाच नाही कधी. वाइवानं पेटी बंद केली, थोडं चालून आली, पुन्हा सुरू केली. कंपायलर कधी कधी काम लवकर व्हावं म्हणून आडवाटा घेतो. तिनं त्या सगळ्या बंद केल्या. खडी. दुसऱ्या घराण्याचा कंपायलर आणला. खडी. मग तिनं तोच कोड, एक अक्षर न बदलता, जुन्या लॅपटॉपवर नव्यानं बांधला. "नमस्कार," डावीकडची मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली. उजवीकडे तेच शब्द, त्याच ओळी, आणि खडी. वाइवा दोन्हींच्या मध्ये बसून राहिली. इतकी वर्षं ती मानत आली होती की अर्थ लिहिलेल्यात असतो, यंत्र फक्त तो पाळतं. इथं लिहिलेलं एकच होतं आणि एका घरात मुलगी बोलत होती, दुसऱ्या घरात दरड कोसळत होती.

मग तरुणांना ती रोज जे करायला सांगायची आणि आज स्वतः केलं नव्हतं, ते तिनं केलं. कंपायलरच्या सूचना वाचल्या. चुका नव्हेत, चुकीला तो काम थांबवतो. सूचना म्हणजे त्याचं पुटपुटणं, काम करता करता केलेलं, आणि ते शेकडो ओळींचं असतं म्हणून कुणी वाचत नाही. तिनं काळ्या ब्रेडचा तुकडा चघळत वरपासून सुरुवात केली. हे वापरलेलं नाही, ते जुनं झालंय, इथं कंस हवा होता. म्हाताऱ्या माणसाची कुरकुर. आणि त्या कुरकुरीच्या मधोमध, त्याच सपाट स्वरात, एक ओळ: ही संख्या शून्यापेक्षा लहान आहे का, अशी तुम्ही इथं तपासणी केली आहे, ती कधीच खरी ठरणार नाही.

ती पुढे गेली आणि मागे आली. कधीच? आवाज म्हणजे हवेचा रेटा आणि ओढ. मध्ये शांतता, ते शून्य. रेटा शून्याच्या वर, ओढ शून्याच्या खाली. निम्मा आवाज शून्याखालीच असतो. तो तिथं नसेल तर कुठं गेला? तिनं दोन्ही मशीनना तिच्या 'आ'चे आकडे छापायला लावले. डावीकडे तीन, एक, उणे दोन, उणे पाच, लाट खाली उतरत गेलेली. उजवीकडे तीन, एक, दोनशे चौपन्न, दोनशे एक्कावन्न. शून्याखाली पाऊल टाकताच लाट छतावर फेकली जात होती. तिचा प्रत्येक श्वास जिथं खाली वळत होता तिथं स्फोट होत होता. लेओनार्दास यांनी एकेक आकडा ठेवायला भाषेतला सगळ्यात लहान डबा वापरला होता, एक अक्षर मावेल एवढा. त्या डब्याला शून्याच्या खाली जाता येतं की नाही? ज्यांनी ती भाषा घडवली त्यांनी ह्याचं उत्तर दिलं नव्हतं. विसरून नव्हे. नियमातच लिहून ठेवलं होतं की हे ज्या त्या यंत्रानं आपल्या सोयीनं ठरवावं. जुन्या जातीच्या मशीननी ठरवलं, जाता येतं. नव्या पेटीच्या जातीनं इथं ठरवलं होतं, येत नाही. दोघंही बरोबर होती.

हे तिला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, एकदा कुणालातरी शिकवलंही होतं. पृथ्वी फिरते हे माहीत असतं तसं माहीत होतं. आज खुर्चीत बसल्या बसल्या तिला ती फिरताना जाणवली. तिच्या जन्माच्या सुमारास, समुद्रापलीकडे कुठंतरी, काही माणसांनी एक प्रश्न डोळे उघडे ठेवून अनुत्तरित सोडला होता. त्या उघड्या प्रश्नावर मजले चढत गेले. त्यावर विमानं उडत होती, त्यावर इस्पितळं चालत होती, आणि त्यावरच कधीतरी एका गार तळघरात एक मुलगी मान तिरपी धरून अब, बा म्हणत होती. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी निष्काळजी नव्हतं. सगळ्यांच्या पायाखाली एकाच प्रकारची जमीन होती म्हणून ती जमीन आहे हेच कुणाला दिसलं नाही. वाइवाला भीती वाटली नाही. देवळात न जाणाऱ्या माणसाला एखाद्या रिकाम्या देवळात चुकून शिरल्यावर वाटतं, तसं काहीसं वाटलं. आवाज करू नये असं.

उपाय एका शब्दाचा होता. कंपायलरला द्यायच्या आज्ञांच्या ओळीत लिहायचं की ह्या डब्याला शून्याखाली जाऊ दे. तिनं तो लिहिला आणि हात मांडीवर ठेवून बसली. खिडकीबाहेर खालच्या मजल्यावरचा माणूस गालिचा झोडपत होता. त्याचं संपेपर्यंत ती थांबली. मग बिल्ड केलं.

"नमस्कार," उजवीकडची मुलगी म्हणाली.

त्यानंतर दुपारभर ती उठली नाही. तिनं तिला घरात सापडेल ते वाचायला दिलं. वॉशिंग मशीनचं पुस्तक, गॅस कंपनीचं पत्रक, पेपरातली हवामानाची चौकट, सोसायटीची जिना धुण्याची नोटीस. मुलगी सगळं वाचत होती, काही न मागता, कशावरही न अडता. मग वाइवानं स्वतः टाइप करायला सुरुवात केली. दूध संपलंय. मला उशीर होईल. खिडकी लावून घे. ह्या घरात बरीच वर्षं कुणी कुणाला न म्हटलेली वाक्यं. 'मला उशीर होईल' हे ऐकून तिच्या तोंडून खरखरीत "बरं" निघून गेलं, आणि ते खोलीत तसंच राहिलं, दोन आवाज, एकीचेच. आपला आवाज मेला असं समजून ती त्याच्यावाचून जगायला शिकली होती. तो मेला नव्हता. ती इस्पितळात पडली होती त्या दिवशीसुद्धा तो कुणाच्यातरी स्वयंपाकघरात कामावर होता.

रविवारी ती अंधांच्या वसाहतीत गेली. तिथल्या वाटांना दोन्ही बाजूंनी कठडे आहेत, हाताला गुळगुळीत झालेले. "मी आत येऊ का?" तिनं दारात विचारलं. झेनोनासच्या बायकोनं, ब्रोनेनं, दार आणखी उघडलं. लहानखुरी बाई, एप्रनला पिठाचे हात पुसत उभी. तीही आंधळी होती. दोघांची ओळख कारखान्यातच झालेली. "या. सपाता डाव्या हाताला आहेत," ती म्हणाली. "सापडल्या सपाता," वाइवानं सांगितलं, आणि त्यानंतर ब्रोने बराच वेळ काही बोललीच नाही. टेबलावर सफरचंदाचा केक होता, जिरं घातलेलं चीज होतं. स्क्रीन नावाची गोष्ट घरात नव्हती. पेटी, कळफलक आणि एक छोटा स्पीकर, बस. झेनोनासनं पेटी चाचपली, सुरू केली, आणि पेपर उघडला.

पहिलं वाक्य वाइवाला कळलं. मग झेनोनासनं एक कळ दोन-चारदा दाबली आणि आवाज पळायला लागला, पळता पळता शब्दांचे काठ पुसले गेले, आणि उरली ती नुसती धार, पत्र्यावरच्या गारांसारखी. "बिघडलं?" वाइवानं घाबरून विचारलं.

"बिघडलं काय? पेपर वाचतोय," झेनोनास म्हणाला. त्याचा चेहरा वर उचललेला होता, ओठ किंचित उघडे. "म्हणून तर तो गोड आवाज नको. तो पळवला की चिखल होतो. ही कितीही पळव, दाणा दाणा वेगळा. थांबा." त्यानं वेग कमी केला, काहीतरी टाइप केलं. "रंग. अंगण. शिंग," मुलगी म्हणाली. तो मोठ्यानं हसला. "आहे. ब्रोने, सर्दी आहे."

"कसली सर्दी?" वाइवानं विचारलं.

"पोरीला सर्दी झाली होती," ब्रोने म्हणाली. दारात बोलल्यानंतर ती पहिल्यांदाच बोलत होती. "नाकातला ङ आला की चोंदलेलं ऐकू येतं. इतर ठिकाणी नाही. त्या आवाजांच्या दिवशी तिचं नाक बंद असणार. आम्हाला आधी वाटलं मशीनचा दोष. मग मी म्हटलं, अरे, तो हिवाळा आठव. कुणाचं नाक धड होतं? इतकी वर्षं झाली, पण अजून अंगण म्हटलं की वाटतं, बिचारीला कुणी गरम काही दिलं असेल का."

वाइवाला काही आठवेना, आणि मग एकदम आठवलं. आईची लाल लोकरी शाल, रास्पबेरीचा मुरंबा घातलेलं गरम पाणी, थर्मासचं वाकडं झाकण. आई जाऊनही किती वर्षं झाली. हे सगळं तिच्याकडून सांडून गेलं होतं. त्या आकड्यांनी ते धरून ठेवलं होतं, आणि दोन अनोळखी माणसांना ते रोज ऐकू येत होतं.

"मग?" ब्रोने म्हणाली. "दिलं होतं का?"

"काय?"

"गरम काही."

झेनोनासचा हात कळफलकावर तसाच राहिला. वाइवानं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"दारातून आत आलात, सपाता सापडल्या म्हणालात. तुमच्या 'स'मध्ये बारीक शिट्टी आहे. पुढच्या दोन दातांत फट आहे ना? घसा जातो हो, दात कुठं जातील. पण म्हटलं, कोणाला सांगायचं नसेल तर आपण का बोला."

"मला दुकानात कळलं नाही," झेनोनास हळूच म्हणाला.

"तू खात होतास."

तो उठला. टेबलाला वळसा घालून आला, हात पुढे केला, आणि वाइवानं दिलेला हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्याच्या बोटांची कातडी बटणांच्या स्क्रूंनी जाड झालेली होती. वाइवा म्हणाली, "दिलं होतं. आईनं. रास्पबेरी घालून."

"बरं झालं," ब्रोने म्हणाली आणि केक कापायला लागली. सुरी चालवता चालवताच ती सांगत होती, "आमचा आउरिमास आयर्लंडला गेला, अळंबीच्या शेतावर. दोन वर्षांनी येतो म्हणाला. एक दिवस पत्र आलं, आई, मी आता इथंच राहणार. ते तुम्ही वाचलंत. हवामान वाचावं तसं. मला इतका राग आला, म्हटलं, दगड आहे का ही. पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तसंच. वाचून घेत राहिले. आणि मग एकदा त्यात मला तो ऐकू आला. तोच. कसा लाजून, अडखळून लिहिलं असेल ते. तुम्ही मध्ये आपलं काही घातलं नव्हतंत ना, म्हणून त्याला जागा होती."

"मी ते वाक्य कधी म्हटलंच नाही," वाइवा म्हणाली. "मी नुसते तुकडे म्हटले होते. त्यांना काही अर्थ नव्हता."

"असेल," ब्रोने म्हणाली. "घ्या. दालचिनी जरा जास्त झालीय."

तेवढ्यात पेटीत टिंग झालं. "आउरिमास," मुलगी म्हणाली. ब्रोनेनं सुरी खाली ठेवली, एप्रनला हात पुसले आणि नवऱ्याला बाजूला सारून कळ दाबली. गारा पडायला लागल्या. वाइवानं कान देऊन पाहिलं, मग डोळे मिटून पाहिलं. तिचाच आवाज, तिच्याच दातांतली शिट्टी, तिची कुठल्यातरी हिवाळ्यातली सर्दी, सगळं वेगानं तिच्या अंगावरून जात होतं आणि एक शब्दही हाताला लागत नव्हता. ब्रोनेच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी उघडत चाललं होतं. ती हसली. अर्ध्या क्षणानं झेनोनासही हसला, मग दोघंही गंभीर झाली, मग ब्रोनेनं तोंडावर हात धरला आणि तिचे खांदे हसण्यानं हलायला लागले.

"काय म्हणाली?" वाइवानं विचारलं.

"श्श," ब्रोनेनं तिच्या दिशेनं हात केला. "मध्ये बोलू नका. ती वाचतेय."